रुग्णवाहिकेवरील श्रमांचे माप कोणते?

गेल्या पावसाळ्यात एका जुन्या विद्यार्थ्याच्या आग्रहावरून झरी-जामणी तालुक्यात चार दिवस राहण्याचा योग आला. एका संध्याकाळी तेथील आपल्या कार्यकर्त्यांची आणि हितचिंतकांची बैठक झाली. कापसाचे भाव, पीक कर्ज, मार्की-मांगलीच्या कोळसा खाणींमुळे उखडलेले रस्ते असे नेहमीचे विषय झाल्यावर गाडी रुग्णवाहिकेवर आली. एक सद्‌गृहस्थ म्हणाले, ‘‘ती १०८ ची गाडी बघा, कधीही जा, उभीच असते. डॉक्टर मोबाईल बघतो, ड्रायव्हर झोपतो. त्यापेक्षा वणीला नेऊन ठेवली तर निदान कामाला तरी येईल.’’ बोलणारे गृहस्थ भांडवलदारांचे हस्तक नव्हते. चाळीस वर्षे चळवळीत घालविलेला, मोर्चात लाठ्या खाल्लेला माणूस होता. त्यांच्या तोंडी हे वाक्य आले आणि उपस्थितांपैकी निम्म्यांनी माना डोलावल्या, म्हणून हा लेखनप्रपंच.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ती गाडी पाहावयास गेलो. गाडी जागेवर नव्हती. दुपारी नव्हती, सायंकाळीही नव्हती. रात्री नऊच्या सुमारास ती चिखलाने माखून परत आली. चालक खाली उतरून दोन मिनिटे चाकाशीच उभा राहिला. पाय मोकळे होईपर्यंत त्याला चालता येईना. आदल्या दिवशी ‘उभी’ दिसलेली गाडी ती हीच. दिवसभरात त्या गाडीने किती काम केले याची नोंद मी विचारली. उत्तर मिळाले : रुग्ण, एक.

आता या ‘एक’ आकड्याचे पृथक्करण करू. पुढील हिशेब त्या विशिष्ट दिवसाचा नाही. तो या भागातील अंतरे आणि रस्ते ध्यानात घेऊन मी मांडलेला नमुना आहे, आणि त्यात पाच-दहा मिनिटांचा फरक पडला तरी निष्कर्ष बदलत नाही. गाडी मुकुटबनला उभी आहे असे धरा. वीस किलोमीटरवरील एखाद्या कोलाम पोडावरून हाक आली. तेथे पोहोचण्यास चाळीस मिनिटे. पोडापर्यंत डांबर नाही, रोग्याला बाजेवर घालून वाटेपर्यंत आणावयाचे, गाडीत घ्यावयाचे, सलाईन-ऑक्सिजन लावावयाचा, वीस मिनिटे. तेथून पांढरकवड्याचे उपजिल्हा रुग्णालय, सव्वा तास. तेथे तपासणी, कागदपत्रे आणि अखेर ‘यवतमाळला न्या’ हा सल्ला, अर्धा तास. पांढरकवड्याहून यवतमाळच्या वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयापर्यंत दीड तास. तेथील गर्दीत रोगी ताब्यात देऊन आपले स्ट्रेचर परत मिळविण्यास पाऊण तास. मग शंभराहून अधिक किलोमीटर रिकामा परतीचा प्रवास, तीन तास. परत आल्यावर गाडी धुणे, चादर बदलणे, सिलिंडर पाहणे, नोंदी पुऱ्या करणे, अर्धा तास. बेरीज होते साडेआठ तास. बारा तासांच्या पाळीतले साडेआठ तास दोन माणसे अखंड कामात होती आणि नोंदवहीत ‘रुग्ण, एक’ एवढेच उमटले. तेवढ्याच पाळीत मोठ्या शहरातील गाडी तासाभराच्या सहा फेऱ्या करते. ती सहा तास कामात असते आणि सहा रुग्णांची नोंद करते. फेऱ्या मोजणाऱ्याच्या लेखी शहरातील पथक झरीच्या सहापट काम करते. तास मोजले तर झरीचे पथक अडीच तास अधिक राबले आहे.

अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला आम्ही शिकवितो की उत्पादनाचे एकक चुकले की पुढचे सारे गणित चुकते. कापड वारात मोजावयाचे की वजनात, यावरून गिरण्यांतून केवढे वाद झाले! रुग्णवाहिकेचे एकक ‘फेरी’ धरणे म्हणजे पोस्टमनचे काम तो किती मैल चालला हे न विचारता केवळ पत्रांच्या संख्येवरून ठरविणे होय. अमेरिकेत १९८० च्या दशकात रुग्णवाहिकांसाठी एक गुणोत्तर रूढ झाले : गाडी जितके तास सेवेत उपलब्ध होती, त्या तासांनी फेऱ्यांच्या संख्येला भागावयाचे. हे माप शहरांसाठी आणि पैशाचा हिशेब पाहणाऱ्या व्यवस्थापनांसाठी घडले होते. प्रत्येक फेरी साधारण एका तासाची असेल तोवर ते चालतेही. जेथे फेरी साडेआठ तासांची आहे तेथे ते लावणे म्हणजे तराजूने लांबी मोजणे.

महाराष्ट्रात ही सेवा २६ जानेवारी २०१४ पासून सुरू झाली. पैनगंगेपलीकडे, तत्कालीन आंध्र प्रदेशात, ती १५ ऑगस्ट २००५ रोजीच सुरू झाली होती; आपल्याकडे येण्यास तिला साडेआठ वर्षे लागली. आरंभी राज्याच्या वाट्याला ९३७ गाड्या आल्या. त्यांपैकी २३३ प्रगत जीवरक्षक साधनांनी युक्त आणि ७०४ प्राथमिक साधनांच्या. २०११ च्या जनगणनेनुसार राज्याची लोकसंख्या ११ कोटी २४ लाख होती. म्हणजे सुमारे १ लाख २० हजार माणसांमागे एक गाडी. लोकसंख्येच्या प्रमाणात वाटप हे ऐकावयास मोठे समतावादी वाटते. आपण समाजवादी मंडळी तर ‘दरडोई’ हा शब्द ऐकला की निश्चिंत होतो. परंतु प्रमाण माणसांचे धरले तरी गाडीला धावावे लागते ते जमिनीवरून.

यवतमाळ जिल्ह्यात दर चौरस किलोमीटरला २०४ माणसे राहतात (२०११). मुंबई उपनगर जिल्ह्यात सुमारे २१ हजार. म्हणजे एक लाख माणसे उपनगरात पाच चौरस किलोमीटरांच्या आत मावतात. यवतमाळात त्यांना ४९० चौरस किलोमीटर लागतात. क्षेत्र शंभरपट झाले. अंतर शंभरपट होत नाही, ते क्षेत्राच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते. न्यूयॉर्कच्या अग्निशामक बंबांचा अभ्यास करताना कोलेसार आणि ब्लम या दोघांनी १९७३ साली हा वर्गमुळाचा नियम मांडला. त्यानुसार दरडोई समान गाड्या दिल्या तरी यवतमाळच्या गाडीला रुग्णापर्यंत पोहोचण्यासाठी उपनगराच्या सरासरी दहापट अंतर कापावे लागेल. झरी-जामणी तर जिल्ह्याच्या टोकाचा तालुका, लोकसंख्या लाखाच्या आत, वस्ती पोडापोडांतून विखुरलेली. आरोग्य केंद्रांच्या बाबतीत शासनाने हे तत्त्व पूर्वीच मान्य केले आहे : सपाट प्रदेशात ३० हजारांमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र, आदिवासी आणि डोंगराळ भागात २० हजारांमागे एक. जे तत्त्व इमारतीला लागू आहे ते चाकावरच्या सेवेला अधिकच लागू व्हावयास हवे, कारण इमारत काही धावून थकत नाही.

जाता जाता एक गोष्ट. आदिलाबादचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय झरीपासून यवतमाळच्या मानाने फार जवळ आहे. परंतु आपली संदर्भसेवा जिल्ह्याच्या चौकटीत विचार करते. १९५६ आणि १९६० साली राज्यांच्या सीमा आखल्या गेल्या तेव्हा त्यांची किंमत पुढे कोणी स्ट्रेचरवर पडून मोजील हे आखणाऱ्यांच्या मनात आले नसावे. दोन राज्यांच्या आरोग्य खात्यांनी एका टेबलाशी बसून सोडवावा असा हा प्रश्न आहे; आज त्यात शिरत नाही.

आता मूळ आक्षेपाकडे येऊ : गाडी उभी असते, म्हणजे ती वाया जाते. याचे उत्तर देण्यासाठी कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत काम करणाऱ्या एका गणितज्ञाकडे जावे लागते. आग्नेर एर्लांग हे त्यांचे नाव. एका गावाला किती टेलिफोन तारा पुरतील, हा त्यांचा प्रश्न. १९०९ आणि १९१७ साली त्यांनी जी सूत्रे दिली ती आजही रांगेच्या प्रत्येक प्रश्नाला लागू पडतात. एका शहरात दहा गाड्या आहेत आणि प्रत्येक गाडी चाळीस टक्के वेळ कामात आहे असे समजा. नवी हाक आली असता दहाच्या दहा गाड्या गुंतलेल्या असण्याचा संभव हजारात पाच-सहा इतकाच येतो. आता झरीकडे पाहा. तेथे गाडी एक. तीही चाळीस टक्के वेळ कामात. नवी हाक आली असता गाडी नसण्याचा संभव दहात चार! कामाचा भार कागदावर अगदी समान. रुग्णाच्या नशिबी आलेला परिणाम मात्र सत्तरपट वाईट. शहरात चाळीस टक्के हा आकडा उत्तम नियोजनाचा पुरावा ठरतो. झरीत तोच आकडा दुसऱ्या गाडीची मागणी आहे.

यातून निघणारा निष्कर्ष आपल्या त्या सद्‌गृहस्थांना विचित्र वाटेल, पण तो टाळता येत नाही. एकाकी गाडी जितकी अधिक ‘उभी’ दिसेल तितकी ती आपले काम बजावत आहे. विहिरीवर टांगलेला दोर बहुतेक वेळ कोरडाच असतो, म्हणून तो कोणी सोडून नेत नाही. गाडी वणीला नेली तर तिच्या फेऱ्या वाढतील, अहवालात तिची कार्यक्षमता उठून दिसेल, आणि माथार्जुन-शिबल्याकडील बाळंतीण तासभर अधिक वाट पाहील. हा तास कोणत्याही तक्त्यात येणार नाही, कारण तक्ता गाडीचा असतो, बाळंतिणीचा नसतो.

सरासरीचा धोकाही येथेच सांगावयास हवा. वर्षाच्या बेरजेला ३६५ ने भागून जो आकडा येतो तो वर्षातील कोणत्याच दिवशी खरा नसतो. या भागातील दुखणी ऋतूंनुसार येतात. पेरणीच्या वेळी साप, जुलैपासून फवारणी, दिवाळीनंतर कापूस आणि कोळशाच्या ट्रकांचे अपघात. २०१७ च्या फवारणीच्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात शेकडो शेतकरी-शेतमजूर विषबाधेने रुग्णालयात दाखल झाले आणि वीसहून अधिक दगावले. त्या आठवड्यांत एका गाडीवर पडलेला ताण त्या वर्षाच्या सरासरीत विरघळून जातो. पावसाळ्यात ओढ्याला पाणी आले की वीस किलोमीटरांचे चाळीस होतात, हेही सरासरीला ठाऊक नसते.

येथे काही कार्यकर्ते कपाळाला आठ्या घालतील हे मी जाणतो. श्रमांचे मोजमाप या गोष्टीविषयी आपल्या चळवळीच्या मनात जुनी अढी आहे, आणि ती विनाकारण नाही. फ्रेडरिक टेलर यांचे शास्त्रीय व्यवस्थापनाचे पुस्तक १९११ साली आले आणि कारखान्यात मुकादमाच्या हाती स्टॉपवॉच आले. मुंबईच्या गिरण्यांत त्याचे रूप १९२८ साली दिसले. दोन मागांऐवजी तीन माग सांभाळा, साच्याच्या एका बाजूऐवजी दोन बाजू सांभाळा, असे कामगारांना सांगितले गेले. आणि एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत सहा महिने गिरण्या बंद राहिल्या. त्या संपातील कामगारांचा राग मोजण्यावर नव्हता. मोजणारा कोण आणि मोजून करणार काय, यावर होता. घड्याळ मालकाच्या खिशात राहिले म्हणून ते कामगारांच्या विरुद्ध चालले. परंतु आठ तासांचा दिवस मागणाऱ्यालाही घड्याळ लागतेच. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली दुपारच्या अर्ध्या तासाच्या सुटीची मागणी केली तीही मिनिटांतच केली होती. आपण मोजले नाही तर दुसरा मोजतो, आणि तो फेऱ्या मोजतो.

कायद्याची बाजू तर अधिक उद्बोधक आहे. मोटार वाहतूक कामगार कायदा १९६१ साली झाला. त्याच्या तेराव्या कलमाने चालकांना दिवसाला ८ आणि आठवड्याला ४८ तासांची मर्यादा घालून दिली. दुसऱ्या कलमातील ‘कामाचे तास’ या संज्ञेची व्याख्या मी निवृत्तीनंतर प्रथमच नीट वाचली आणि कायदा करणाऱ्यांच्या बुद्धीला मनोमन दाद दिली. कामगार मालकाच्या स्वाधीन असतो तो सर्व काळ कामाचा, असे तत्त्व तीत आहे. नुसते हजर राहून हाकेची वाट पाहण्याचा काळही त्या व्याख्येने ओळखला आहे. पंधरा मिनिटांच्या आतील अशी प्रतीक्षा कामात धरावी, असे ती सांगते. म्हणजे वाट पाहणे हेही श्रम असू शकतात, हा विचार साठ वर्षांपूर्वी आपल्या संसदेत पोहोचला होता. मग मी अडतिसावे कलम पाहिले. आजारी किंवा जखमी व्यक्तींची ने-आण करणाऱ्या वाहनांना हा कायदा लागू नाही!

सूट देण्यामागचा हेतू समजू शकतो. आठ तास भरले म्हणून कोणी रोग्याला वाटेत उतरवू नये. पण त्यासाठी ‘हाती घेतलेली फेरी पुरी करावी’ एवढे वाक्य पुरले असते. त्याऐवजी ज्यांचे काम सर्वांत निकडीचे त्यांनाच संरक्षणाच्या बाहेर ठेवले गेले. तो कायदा आता व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कामाची परिस्थिती यांविषयीच्या २०२० च्या संहितेत विलीन झाला असून ती संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली आहे. नव्या व्यवस्थेत रुग्णवाहिकेवरील चालक आणि डॉक्टर यांच्या तासांचे काय होणार, हा प्रश्न आपल्या आमदार-खासदारांनी आणि कामगार संघटनांनी आत्ताच विचारावयास हवा. नियम एकदा घट्ट झाले की मग निवेदने देण्यात दहा वर्षे जातात.

हाच वाद युरोपातही झाला. जर्मनीतील रेड क्रॉसच्या रुग्णवाहिकांवरील कर्मचाऱ्यांचा आठवडा ४९ तासांचा केला होता. त्यात वाट पाहण्याचाही वेळ असतो, सबब तो पूर्ण काम नव्हे, असा मालकपक्षाचा युक्तिवाद होता; शिवाय हे काम आपत्कालीन नागरी संरक्षणाचे आहे, सामान्य नियम त्यास लागू नाहीत, असेही म्हटले गेले. ५ ऑक्टोबर २००४ रोजी युरोपीय न्यायालयाने ‘फायफर’ खटल्यात दोन्ही युक्तिवाद फेटाळले. हाकेची वाट पाहत कामाच्या जागी घालविलेला काळ कामाचाच, आणि तो धरून ४८ तासांची मर्यादा पाळावयाची. गंमत अशी की आपल्या १९६१ च्या व्याख्येतले बीज आणि हा निवाडा एकाच जातीचे आहेत. आपण बीज पेरले आणि नेमक्या त्याच वाफ्याला कुंपणाबाहेर ठेवले.

आपल्याकडे रुग्णवाहिकेच्या चालकास ‘पायलट’ म्हणण्याची प्रथा आहे. नाव वैमानिकाचे दिले. वैमानिकाने सलग किती तास उड्डाण करावे आणि मध्ये किती विश्रांती घ्यावी, याचे तपशीलवार नियम आहेत. या पायलटाला नावापुरतेच आकाश मिळाले. रात्रभर गाडी हाकून पहाटे परतलेल्या माणसाने पुन्हा स्टिअरिंग धरले तर धोका त्याला एकट्याला नसतो. मागे झोपलेल्या रोग्याला असतो, समोरून बैलगाडी घेऊन येणाऱ्याला असतो. कामाचा भार मोजणे हा म्हणूनच केवळ नोकरांचा प्रश्न नाही.

तर मोजावे काय? मी त्या चालकाला आणि त्याच्यासोबतच्या तरुण डॉक्टरला हेच विचारले. डॉक्टर म्हणाला, ‘‘सर, सगळ्या वेळा आमच्या यंत्रात आपोआप नोंदल्या जातात. त्या आम्हाला परत कोणी दाखवत नाही.’’ चालक थोडा वेळ गप्प राहिला आणि मग म्हणाला, ‘‘जेवण कधी झालं, ते लिहा.’’ मी तो रकाना माझ्या तक्त्यात घातला आहे. बाकीचे रकाने साधे आहेत : हाक आली ती वेळ, गाडी निघाली, रोग्यापाशी पोहोचली, रुग्णालयात पोहोचली, रोगी ताब्यात दिला, गाडी जागेवर परतली, गाडी पुन्हा तयार झाली. त्यापुढे गाडी तालुक्याबाहेर किती वेळ होती, त्या वेळात दुसरी हाक आली का, आणि आली असल्यास कोणती गाडी कोठून आली. रोग्याचे नाव, गाव, आजार यांतले काहीही लिहू नये. त्याची गरज नाही आणि आपल्याला तो अधिकारही नाही.

या तक्त्यावरून तीन गोष्टी कळतील. पथक प्रत्यक्ष किती तास गुंतले, त्यातला रिकाम्या परतीचा आणि रुग्णालयाच्या दाराशी ताटकळण्याचा वाटा किती, आणि तालुका किती तास गाडीविना राहिला. यांतली तिसरी गोष्ट मला सर्वांत मोलाची वाटते. माझा अंदाज असा की पांढरकवडा ते यवतमाळ हा टप्पा दुसऱ्या गाडीने उचलला, तर झरीची गाडी सहा तासांच्या आत आपल्या जागी परत येईल. नवी गाडी न घेता हे साधू शकते. परंतु आकडे हाती असल्याशिवाय जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांसमोर हा अंदाज एका म्हाताऱ्या प्राध्यापकाची बडबड ठरेल, आणि ते योग्यच होईल.

शहरातील पथकांचे काम सोपे, असे मला सुचवावयाचे नाही. चौथ्या मजल्यावरून अरुंद जिन्याने रोगी उतरविणे, दिवसात सहा वेळा मृत्यूच्या जवळून जाणे, यांचे माप माझ्या तासांत येत नाही. श्रमांचा काही भाग कोणत्याही तक्त्याच्या बाहेर राहणारच. पैशाचा आक्षेपही येईल. एका गाडीमागे चोवीस तासांसाठी आठ-आठ तासांच्या तीन पाळ्या केल्या तर माणसे दीडपट लागतील. लागू द्यात. रस्त्यालगत अपुऱ्या झोपेची किंमत आज कोणीतरी देतच आहे, फक्त ती अंदाजपत्रकात दिसत नाही.

झरी-जामणीच्या कार्यकर्त्यांना माझी विनंती एवढीच की फवारणीचा हंगाम सुरू होण्यापूर्वी, म्हणजे जूनअखेर, हा तक्ता चालू करावा आणि नोव्हेंबरपर्यंत खंड पडू देऊ नये. पथकांच्या संमतीने आणि त्यांच्या मदतीनेच तो भरला जावा. त्यांच्यावर पाळत ठेवली जाते असे त्यांना वाटले तर पहिल्याच आठवड्यात काम संपेल. बैठकीतील त्या सद्‌गृहस्थांनी मुकुटबनची नोंद स्वतः ठेवण्याचे मान्य केले आहे. तक्त्याचा हाताने आखलेला नमुना मी साप्ताहिकाच्या कार्यालयाकडे पाठविला असून, मारेगाव, केळापूर आणि वणी येथील मित्रांनीही तो मागवून घ्यावा.